अल्पाइन कार्व्हिंग बोर्ड : पहिल्या खरेदीमागचा इतिहास

नागपुरातून हिवाळ्यात औली किंवा गुलमर्गला जाऊन साध्या स्नोबोर्डवर पाय स्थिरावलेल्या एखाद्याला, बोर्डच्या धारेवर झुकून बर्फात बारीक रेघ कोरत जाण्याची ओढ लागली, की त्याचा शोध अल्पाइन बोर्डपाशी येऊन थांबतो. सीताबर्डीच्या दुकानांत हाताळून घेण्याची ही वस्तू नव्हे. ती परदेशातून, बहुधा वापरलेलीच, मागवावी लागते. म्हणूनच समोरचा बोर्ड कोणत्या काळातला आहे, हे ओळखता आले पाहिजे.

1965 मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकमेकींना जोडून आपल्या मुलींसाठी ‘स्नर्फर’ बनवला. त्याला पुढे एक दोरी होती, बूट बोर्डला जखडणारे बाइंडिंग मात्र नव्हते. 1977 मध्ये जेक बर्टन यांनी व्हरमाँटमध्ये कंपनी काढली आणि बोर्डवर पाय बांधण्याची रीत रुजली. पुढे वाट दुभंगली. अमेरिकेत मऊ बूट आणि पट्ट्यांचे बाइंडिंग लोकप्रिय झाले, तर आल्प्समधील कडक, दाबून सपाट केलेल्या उतारांवर युरोपीय खेळाडूंनी 1980 च्या दशकात स्कीसारखे टणक बूट धातूच्या चापांनी बोर्डवर पक्के बसवले. बुटाची बाजू लवचीक नसल्यामुळे घोट्याचा जोर थेट धारेवर जातो. अल्पाइन प्रकाराचा सारा डोलारा यावर उभा आहे.

त्या काळातील असममित बोर्ड आजही जुन्या बाजारात दिसतात. पाय तिरके असल्याने चवडे टाचांच्या पुढे येतात, म्हणून चवड्याकडील धारेचा वक्र पुढे आणि टाचेकडील मागे सरकवलेला असे. कल्पना चतुर होती, पण डावा पाय पुढे ठेवणाऱ्याचा बोर्ड उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याच्या कामाचा नसे. पुढे बोर्ड अरुंद झाले, पायांचे कोन वाढले आणि 1990 च्या दशकात ही रचना मागे पडली. पहिल्या खरेदीत ती टाळलेलीच बरी.

1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगचा प्रवेश झाला, तो जायंट स्लॅलम आणि हाफपाइप या प्रकारांनी. मानमरातब मिळाला, पण गिऱ्हाईक मऊ बुटांकडेच राहिले. पुढे बर्टन यांच्या कंपनीनेही अल्पाइन साहित्य बंद केले आणि हे काम छोट्या कारागिरांकडे आले. स्वित्झर्लंडच्या केसलरसारख्यांनी टायटनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ थर घालून बोर्ड शांत आणि पकडीचे केले. मात्र शर्यतीचे हे बोर्ड मोठ्या वेगासाठी असतात. धारेच्या वक्राची त्रिज्या 18 मीटरहून अधिक असलेला लांब बोर्ड नवख्याच्या वेगात वळतच नाही. स्वस्तात मिळतो म्हणून तो घेणे हा माझ्या मते सर्वांत महागडा सौदा आहे. पहिल्या बोर्डसाठी 10 ते 13 मीटर त्रिज्या आणि मध्यभागी 20 ते 22 सेंटिमीटर रुंदी पुरेशी ठरते. त्यातही गुलमर्गच्या खोल, भुसभुशीत बर्फात अरुंद बोर्ड रुततो. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी घडवलेला औलीचा उतार या खेळाला अधिक मानवतो.

रुंदी पायावरही अवलंबून असते. 27 सेंटिमीटरचे पाऊल 20 सेंटिमीटरच्या बोर्डवर आडव्या रेषेपासून पुढे 55 अंशांच्या आसपास वळवावे लागते, नाहीतर झुकताना बुटाचे टोक बर्फात घासून धार सुटते. मोठ्या पावलाच्या माणसाने रुंद बोर्ड घ्यावा; कोन वाढवत नेला की नवख्याचे गुडघे कुरकुरतात.

बाइंडिंगमध्ये दोन परंपरा आहेत. जुन्या पद्धतीत मागे चाप आणि पुढे खटका असतो. नंतरच्या स्टेप-इन पद्धतीत टाच दाबली की बुटातील स्प्रिंगच्या दोन खिळ्या आपोआप अडकतात, आणि पँटमधून वर आणलेली दोरी ओढली की सुटतात. मात्र त्यासाठी बुटाला तशी टाच बसवता आली पाहिजे. दोन्ही प्रकार पडल्यावर स्कीच्या बाइंडिंगसारखे आपोआप उघडत नाहीत. शिवाय बर्टनच्या अनेक जुन्या बोर्डांवर बाइंडिंग बसवण्यासाठी तीन छिद्रांची त्रिकोणी मांडणी असते, तर इतरांकडे सहसा चार छिद्रांची चौकोनी. तेव्हा पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून बोर्डच्या वरच्या बाजूचे छायाचित्र मागवून बाइंडिंगची तबकडी त्याला बसते का, हे पडताळून घ्यावे.