ऑस्त्रोवेंका जिल्हा (कुर्पिये प्रदेश)

पोलंडच्या ईशान्य भागातील, माझोव्हिया प्रांतात मोडणारा ग्रामीण जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे २,१०० चौ. किमी. आजच्या स्वरूपात तो १९९९ च्या प्रशासकीय पुनर्रचनेत अस्तित्वात आला. त्याच्या अखत्यारीत ११ ग्रामसमूह येतात. ऑस्त्रोवेंका हे जिल्ह्याचे मुख्यालय असले, तरी त्या शहराचा कारभार स्वतंत्र आहे. त्यामुळे जिल्ह्यात मिशिनेत्स हे एकच लहान शहर उरते आणि बाकी सारी खेडी आहेत. नारेव्ह नदीच्या उत्तरेकडील भाग ‘कुर्पिये’ या लोकसमूहाचा असून जिल्ह्याची ओळख मुख्यतः त्यांच्यामुळेच आहे.

हिमयुगाच्या अखेरीस वितळत्या हिमनद्यांच्या पाण्याने येथे वाळूचे विस्तीर्ण थर पसरवले. ओमुलेव, रोझोगा, श्क्वा आणि पिसा या नद्या हे सपाट, रेताड मैदान ओलांडून दक्षिणेस नारेव्हला मिळतात. उंचवट्यांवर पाइनची अरण्ये, सखल भागात ओली कुरणे आणि पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या) दलदली अशी येथील भूरचना आहे. काजिद्वो या गावाच्या परिसरातील कारास्का ही दलदल राखीव क्षेत्र आहे. कुरणांत पांढरे करकोचे व क्रौंच सर्रास दिसतात. आपल्याकडील नीलपंखाचा जवळचा नातलग असलेला युरोपीय नीलपंख पोलंडमधून जवळजवळ नाहीसा झाला असून त्याचे अखेरचे आश्रयस्थान हाच प्रदेश ठरला आहे.

या निकृष्ट जमिनीत धान्य फारसे पिकत नसे आणि कुर्पियेंचा पुढचा सारा इतिहास समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अरण्य राजाच्या मालकीचे होते. तेथे वस्ती करणाऱ्यांनी नांगरापेक्षा मध, शिकार, मासेमारी आणि जमिनीत सापडणारा अंबर (प्राचीन वृक्षांच्या राळेचा जीवाश्म) यांवर गुजराण केली, आणि पोलंडमधील बहुसंख्य शेतकरी जमीनदारांच्या वेठीला बांधलेले असताना हे लोक राजाला मधाच्या रूपाने खंड भरून बरेचसे मोकळे राहिले. मध काढण्याची त्यांची पद्धत ‘बार्तनित्स्त्वो’ या नावाने, तर मधमाश्यांसाठी झाडात कोरलेली ढोली ‘बार्च’ या नावाने ओळखली जाते. जुन्या, जाड पाइनच्या जिवंत खोडात, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर उभी ढोली कोरून तिचे तोंड फळीने बंद करीत. मधपाळ वेणीसारख्या विणलेल्या दोराच्या आधाराने वर चढे. बुंध्यावर कुऱ्हाडीने कोरलेली खूण पाहून झाड कोणाचे ते कळे. अस्वलाला अडवण्यासाठी ढोलीच्या तोंडासमोर एक ओंडका टांगून ठेवीत. अस्वलाने तो जितक्या जोराने ढकलावा, तितक्याच जोराने तो परत येऊन त्याच्यावर आदळे. या व्यवसायाच्या चालीरीती स्थानिक राजप्रतिनिधी क्षिश्तोफ निश्चित्स्की याने १५५९ मध्ये लेखी कायद्याच्या रूपात एकत्र केल्या. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत मागे पडली. मात्र चार्न्या येथील राखीव वनात अशा ढोल्या असलेली जुनी झाडे राखलेली आहेत. पोलंड व बेलारूस येथील झाडावरील मधुपालनाची संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली.

शिकारीमुळे हे लोक नेमबाज म्हणून नावाजलेले होते. जानेवारी १७०८ मध्ये स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याच्या सैन्याला त्यांनी मिशिनेत्सजवळच्या कोपान्स्की मोस्त येथे अडथळे उभारून अडवले. ती आठवण आजही अभिमानाने जपली जाते.

लोककलांमध्ये कागदी कातरकामाचा मान पहिला. मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या कात्रीने, आधी रेखाटन न करता, घडी घातलेल्या एकरंगी कागदातून ‘लेलुया’ हा वृक्षाकार नमुना आणि वर्तुळाकार ‘तारा’ कापला जातो. लेलुयाच्या बुंध्याशी बहुधा समोरासमोर पक्षी असतात. एवढ्या अवजड हत्याराने इतकी नाजूक जाळी उतरते, हे खरोखर थक्क करणारे आहे. अविवाहित मुली सणासुदीला काळ्या मखमलीने मढवलेला, फुलांनी व फितींनी सजवलेला उंच मुकुट घालतात. गळ्यात अंबराच्या माळा असतात. मिशिनेत्सचे धर्मगुरू व्वादिस्वाव स्क्येर्कोव्स्की यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील लोकगीते मोठ्या प्रमाणावर संकलित केली आणि संगीतकार कारोल शिमानोव्स्की यांनी त्यांतील अनेक गीते आपल्या रचनांसाठी घेतली.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या ‘झावळ्यांच्या रविवारी’, विसे या गावात भरणारी झावळ्यांची स्पर्धा १९६९ पासून चालू आहे. पोलंडमध्ये ताड-माड नाहीत. म्हणून येथे बारीक, उंच खोडाभोवती ज्युनिपर (एक सूचिपर्णी झुडूप) व इतर सदाहरित डहाळ्या बांधून त्यावर रंगीत पातळ कागदाची फुले चढवतात. काही झावळ्या कित्येक मीटर उंच असल्याने त्या मिरवणुकीत उभ्या धरायला अनेक माणसे लागतात. काजिद्वो येथे पारंपरिक विवाहसोहळा जसाच्या तसा सादर केला जातो. मिशिनेत्सला ऑगस्टच्या अखेरीस मधुसंकलनाचा उत्सव होतो. त्यात ज्युनिपरची फळे व मध घालून आंबवलेले स्थानिक पेय मिळते. गाजर व मिरी घातलेली कडक बिस्किटे हीसुद्धा इथलीच खासियत. गावांची अर्थव्यवस्था मात्र आता मधावर नव्हे, तर पूर्वी दलदल असलेल्या कुरणांवर चालणाऱ्या दुग्धव्यवसायावर उभी आहे.