इंदूर : जुन्या राजधानीचे नागरी पुनरुज्जीवन

इंदूर हे लोकसंख्येने मध्य प्रदेशातील सर्वांत मोठे शहर. २०११ च्या जनगणनेत ते वीस लाखांच्या उंबरठ्यावर होते. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांनी राजधानी येथे आणली आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत ती येथेच राहिली. राजवाड्याभोवतीचे जुने शहर, बंद पडलेल्या कापड गिरण्यांचा पट्टा आणि कान्ह व सरस्वती या दोन नद्या पुन्हा नांदत्या करण्यासाठी गेल्या शंभर वर्षांत येथे जे आराखडे झाले, जी पाडापाड आणि उभारणी झाली आणि त्यातून जे प्रश्न उभे राहिले, ते या नोंदीचा विषय आहेत.

२८ मे १९४८ रोजी स्थापन झालेल्या मध्य भारत राज्यात ग्वाल्हेर हिवाळी आणि इंदूर उन्हाळी राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. इंदूरकडे उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले, बाजारपेठ राहिली, गिरण्या राहिल्या. मात्र शहराचा विकास आराखडा मंजूर करण्याचा अधिकार भोपाळकडे गेला. २०२१ पर्यंतचा आराखडा १ जानेवारी २००८ पासून लागू झाला, त्याची मुदत संपली तरी पुढचा आराखडा लांबतच गेला. शहर मात्र थांबले नाही. पैसा आणि वस्ती इंदुरात, आखणी दोनशे किलोमीटरवर, ही फारकत येथील बहुतेक अडचणींच्या मुळाशी आहे.

जुन्या शहराची घडण मराठी वाचकाला लगेच ओळखीची वाटेल. रामबाग, नारायणबाग, नंदलालपुरा, पागनीस पागा, बक्षी गल्ली या भागांत होळकरांच्या दरबाराशी आणि कारभाराशी जोडलेली मराठी घरे वसली. लाकडी चौकट, मधे विटांची भर, खाली ओटा किंवा दुकान, वर राहती जागा अशी ही बांधणी. खुद्द राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत त्याला आग लागली आणि मागचा मोठा भाग जळाला. उषादेवी होळकर यांनी पुढाकार घेऊन २००६ च्या सुमारास तो पुन्हा बांधायला घेतला. जुन्या पद्धतीने, जुन्या साहित्यात वास्तू उभी करता येते याचा तो पुरावा आहे. तोवर मराठी कुटुंबांतील पुढच्या पिढ्या लोकमान्यनगर, सुदामानगर, राजेंद्रनगर, वैशालीनगरकडे सरकल्या होत्या. वाड्यांत जुने भाडेकरू, अनेक वारसांत वाटली गेलेली मालकी आणि न्यायालयातले दावे उरले. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हे ठरत नाही म्हणून चांगला वाडा हळूहळू पडतो. कोणत्याही योजनेने या प्रश्नाला अजून नीट हात घातलेला नाही.

गेडेस यांचा अहवाल. इंदूरच्या नगररचनेचा विचार करताना १९१८ कडे परत जावेच लागते. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस यांना तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने पाचारण केले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. शहर प्लेगने त्रासलेले होते. आल्यावर गेडेस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा सगळा थाटच बदलला. ज्या रस्त्यांवरचे लोक आपली घरे आणि अंगणे सर्वांत स्वच्छ करतील तिकडून मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. सगळ्या पेठा झाडायला आणि रंगवायला लागल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा अजस्र उंदीर होता, झाडूवाले मानाने चालत होते, तुळशीची रोपे वाटली जात होती. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले गेले. आजच्या स्वच्छ इंदूरची मुळे शोधायची तर तिथवर जावे लागते, आणि ही गोष्ट इंदूरच्या शाळांत शिकवली जावी इतकी मोलाची आहे.

अहवालाचे मोल त्याहून मोठे आहे. गेडेस गल्लीबोळ पायी हिंडत, घर न् घर पाहत, आणि मगच नकाशावर रेघ मारत. आधी निदान, मग जपून केलेली शस्त्रक्रिया, हे त्यांचे सूत्र. एखादे पडके घर काढून तिथे छोटा चौक करावा, झाड लावावे, वळण थोडे सैल करावे. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढून शेकडो लोकांना उठवू नये. विहिरी आणि तळी बुजवण्याऐवजी स्वच्छ ठेवावीत, हा आग्रह त्यांच्या भारतातील सगळ्याच कामात दिसतो. गिरणी कामगारांची घरे, नदीकाठच्या बागा, इंदुरातील विद्यापीठ या गोष्टीही अहवालात आहेत. विद्यापीठ १९६४ मध्ये आले. नदीकाठचे काय झाले ते पुढे पाहू.

रस्तारुंदी आणि ‘रिमूव्हल’. २०१६ च्या जानेवारीत केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेतील पहिल्या वीस शहरांत इंदूर निवडले गेले आणि राजवाड्याभोवतीचा भाग कामासाठी घेतला गेला. वाहिन्या जमिनीखाली घालणे, दर्शनी भाग सुधारणे, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचा (होळकरांच्या समाधिवास्तूंचा) परिसर नीट करणे ही कामे उपयोगाची होती. त्यांच्याबरोबर बडा गणपती ते कृष्णपुरा आणि जयरामपूर ते गोराकुंड अशा जुन्या रस्त्यांची रुंदी वाढवण्याचे कामही आले. इंदुरात नगर निगमाच्या (महानगरपालिकेच्या) पाडकामाला सरसकट ‘रिमूव्हल’ म्हणतात, आणि ‘रिमूव्हल आली’ एवढे शब्द गल्लीत पसरले की दुकानांची शटर खाली येतात. अनेक घरमालकांनी निगमाची यंत्रे येण्याआधी स्वतःच कामगार लावून घराचा पुढचा भाग उतरवला.

त्या घरांपैकी एखादे जवळून पाहिले की नुकसान फुटांत मोजता येत नाही हे कळते. जुन्या घरात रस्त्याकडची पट्टी म्हणजे बहुधा दुकान, त्यालगतचा अरुंद जिना आणि वरच्या मजल्यावरची उजेडाची खोली. आठ-दहा फूट कापले की दुकान जाते, जिना जातो आणि मागच्या अंधाऱ्या खोल्या उरतात. कापलेल्या भिंतीत तुळयांची तोंडे उघडी पडतात, देवघराचा निळा कोनाडा रस्त्यावर येतो. मोबदला म्हणून वाढीव बांधकामाचे हक्क देण्याची तरतूद आहे, पण दहा फूट रुंदीच्या, भागीदारीतल्या घराला वर चार मजले चढवण्याचे हक्क देऊन उपयोग काय? रुंद झालेल्या रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या राहतात. नोंद लिहिणाऱ्याचे मत स्पष्ट आहे: या भागात वाहने कमी करणे हाच रस्ता मोकळा करण्याचा स्वस्त आणि टिकाऊ उपाय होता. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा लाखो माणसे याच पेठांतून चालतात. या पेठा पायी चालणाऱ्यांसाठीच झालेल्या आहेत.

गिरण्यांचा पट्टा. तुकोजीराव दुसरे यांनी १८६६ मध्ये स्टेट मिल उभारायला घेतली. पुढे मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली. कामगारांची देणी मिळायला ३२ वर्षे लागली; २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला. तोवर कितीतरी कामगार गेले होते. जमीन गृहनिर्माण मंडळाकडे आली आणि तिच्यावर घरे व व्यापारी संकुले बांधण्याचे ठरले. एवढ्या काळात त्या बंद आवारात दाट झाडी वाढली होती. ती तोडू नये म्हणून नागरिक रस्त्यावर उतरले. शहराच्या मध्यभागी आयते उगवलेले रान पुन्हा मिळणार नाही, ही त्यांची भूमिका योग्य आहे.

गिरण्या गेल्या तरी त्यांच्या झांक्या, म्हणजे गणेशोत्सवातले फिरते देखावे, गेल्या नाहीत. अनंत चतुर्दशीच्या रात्री या गिरण्यांचे कामगार आणि त्यांची मुले देणग्या गोळा करून देखावे उभारतात आणि ते रात्रभर जेल रोड, कृष्णपुरा, नंदलालपुरा, जवाहर मार्ग, गोराकुंड, खजुरी बाजार करीत राजवाड्याला येतात. गिरणी पट्ट्याच्या पुनर्विकासात या माणसांसाठी झांकी बांधायची एक शेडसुद्धा कायमची राखली गेली तर तो वारसा जपणेच ठरेल.

नदी, विहीर, नळ. कान्ह नदी शहरातून वाहते, सरस्वती तिला मिळते, आणि ते पाणी उज्जैनजवळ शिप्रेत जाते. शहर वाढले तसे सांडपाणी तिच्यातच सोडले गेले आणि ‘खान नाला’ हेच नाव लोकांच्या तोंडी बसले. दरम्यान पाण्याची गरज बाहेरून भागली. लोकांच्या मोठ्या आंदोलनानंतर १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून विंध्य चढवून सुमारे ७० किलोमीटरवरून नर्मदेचे पाणी आले. नर्मदा नळाला आल्यावर घराशेजारच्या विहिरी, बावड्या (पायऱ्यांच्या विहिरी) आणि ओढे लोकांना नकोसे झाले. काहींवर कचरा पडला, काहींवर फरशी. ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, पटेलनगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवर टाकलेला स्लॅब कोसळला आणि ३६ जण मरण पावले. खाली पाणी आहे हे वस्तीतल्या जुन्या लोकांना ठाऊक होते.

स्वच्छतेत इंदूरने जे केले त्याला देशात तोड नाही, हे निःसंकोच म्हणता येते. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे केंद्राच्या शहर-स्वच्छतेच्या क्रमवारीत, शहर वरच्या स्थानी आहे. देवगुराडियाच्या सुमारे १०० एकरांवरचे कचऱ्याचे डोंगर हटवले गेले, १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथे दररोज ५५० टन ओला कचरा वापरण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी (जैविक इंधनवायू) प्रकल्प सुरू झाला. नाल्यांत थेट पडणारी सांडपाण्याची तोंडे बंद करून २०२१ मध्ये शहराने देशातील पहिला ‘वॉटर प्लस’ दर्जा मिळवला. २०२२ मध्ये सिरपूर तलाव आणि यशवंत सागर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले. या यशाचे मानकरी सफाई कामगार आहेत आणि घरात कचरा वेगळा करणाऱ्या बायका आहेत. पण हे यश दिसणाऱ्या पृष्ठभागाचे आहे. २०२५ च्या अखेरीस शहरातल्या भागीरथपुरा वस्तीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, माणसे दगावली. जमिनीखालच्या जुन्या वाहिन्यांचा नकाशा, त्यांची नियमित तपासणी आणि तक्रार आल्यावर त्याच दिवशी पाणी थांबवण्याची व्यवस्था यांना क्रमवारीत गुण नसले तरी पैसा तिथेच आधी लागायला हवा होता.

वाहतूक आणि विस्तार. ए. बी. रोडवरची सुमारे ११ किलोमीटरची बीआरटीएस (फक्त बसगाड्यांसाठी राखीव) मार्गिका २०१३ मध्ये सुरू झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने ती काढायला वाट मोकळी केली. मेट्रोचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ ला सुपर कॉरिडॉर या शहराच्या कडेच्या रुंद रस्त्यावर धावू लागला, जिथे वस्ती अजून विरळ आहे. दाट शहरात ती भुयारातून न्यायची की कशी, राजवाड्याजवळ स्थानक असावे का, यावर व्यापारी आणि वारसाप्रेमी यांनी आक्षेप नोंदवले. शहराच्या कडेला विकास प्राधिकरणाच्या योजना आहेत. ‘स्कीम ५४’, ‘स्कीम ७८’ असे पत्ते सांगणे इंदुरात नेहमीचे. त्यांच्याही पलीकडे मंजुरीआधीच ‘डायरी’वर विकले जाणारे प्लॉट आहेत. वहीतली नोंद आणि रोख रक्कम, एवढ्यावर व्यवहार होतो आणि पुढे मंजुरी अडकली की निवृत्तीचा पैसा घातलेले कुटुंब वर्षानुवर्षे खेटे घालते. अशा वसाहतींना गटार आणि पाणी नंतर, जास्त खर्चात पोहोचते, आणि जुन्या शहराच्या दुरुस्तीला उरणारा निधी तिकडे वळतो.

२०२५ मध्ये राज्याने महानगर प्रदेशांसाठी कायदा केला. त्यात इंदूरबरोबर उज्जैन, देवास आणि धारकडील भाग एकत्र आखण्याचा विचार आहे. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ भरणार आहे, आणि कान्हेचे पाणी स्नानाच्या घाटांकडे जाऊ नये म्हणून ते बंद मार्गाने वळवून शिप्रेत पुढे खाली सोडण्याचे काम हाती घेतले आहे. त्याने घाट वाचतील. कान्ह मात्र तशीच राहील. तिच्यावर उपाय इंदुरातच, कृष्णपुऱ्याच्या पुलापासून वरच्या ओढ्यांपर्यंत करावा लागेल.