फेला कुटी
कुटी, फेला : (१५ ऑक्टोबर १९३८–२ ऑगस्ट १९९७). नायजेरियाचा गायक, सॅक्सोफोनवादक आणि ‘ॲफ्रोबीट’ या संगीतप्रकाराचा जनक. जन्म अबेओकुटा येथे, योरुबा या नायजेरियातील जमातीच्या कुटुंबात. वडील पाद्री आणि मुख्याध्यापक. आई फुनमिलायो यांनी बाजारात माल विकणाऱ्या बायकांना एकत्र आणून जाचक कराविरुद्ध असा लढा दिला, की १९४९ मध्ये तिथल्या राजाला गादी सोडावी लागली. फेलाच्या बंडखोरीचे मूळ या घरातच आहे.

१९५८ मध्ये घरच्यांनी त्याला डॉक्टर होण्यासाठी लंडनला पाठवले. त्याने ट्रिनिटी संगीत महाविद्यालयात नाव घातले. १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी ओळख झाली आणि त्याच्या गाण्यांचा विषयच बदलला. योरुबा ताल, हायलाइफ (पश्चिम आफ्रिकेतील नृत्यसंगीत), जॅझ आणि फंक (ठेक्यावर भर देणारे अमेरिकी कृष्णवर्णीय संगीत) यांतून, ढोलवादक टोनी ॲलनच्या साथीने, ॲफ्रोबीट घडले. एकेक गाणे बहुधा रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापते : बराच वेळ नुसती वाद्ये, मग फेलाचा आवाज, त्याला कोरसचे उत्तर. रेकॉर्ड झालेले गाणे तो सहसा पुन्हा मंचावर गात नसे. भाषा मुद्दाम पिजिन इंग्रजी, म्हणजे स्थानिक भाषांच्या मिश्रणातून बनलेली सोपी बोली. ती योरुबा न येणाऱ्या हमालालाही कळे.

‘झाँबी’ (१९७६) हे त्याचे सर्वांत धारदार गाणे. त्यात तो कवायतीचे हुकूम एकामागून एक गातो आणि प्रत्येक हुकमावर कोरस एकच शब्द फेकतो : ‘झाँबी’, म्हणजे दुसऱ्याच्या इच्छेने चालणारे प्रेत. सांगितल्याशिवाय विचारही न करणारा सैनिक नाचायला लावणाऱ्या ठेक्यावर उभा राहतो.

लागोसमधले आपले घर त्याने ‘कलाकुटा प्रजासत्ताक’ म्हणून स्वतंत्र घोषित केले होते. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे हजार सैनिकांनी ते जाळले, माणसांना झोडपले आणि सत्तरी ओलांडलेल्या फुनमिलायोंना खिडकीतून खाली फेकले. पुढच्या वर्षी त्या वारल्या. सरकारी चौकशीने दोष ‘अज्ञात सैनिकां’वर टाकला. फेलाने शवपेटी थेट लष्करी राजवटीच्या मुख्यालयाच्या दारात नेली आणि या दोन्ही गोष्टींवर गाणी केली.

१९७९ मध्ये त्याने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवू पाहिली, पण त्याच्या पक्षाला मान्यता मिळाली नाही. १९८४ मध्ये चलन तस्करीच्या आरोपाखाली त्याला तुरुंगात डांबले; ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने त्याला सद्‌सद्‌विवेकाचा कैदी, म्हणजे मतांपायी तुरुंगात पडलेला, मानले. १९८६ मध्ये तो सुटला.

सत्तेपुढे न झुकणारा फेला स्त्रियांच्या बाबतीत मात्र जुनाट राहिला. ‘लेडी’ या गाण्यात तो बरोबरीचा हक्क सांगणाऱ्या स्त्रीची टर उडवतो, आणि १९७८ मध्ये त्याने एकाच वेळी २७ जणींशी लग्न केले. फुनमिलायोंच्या मुलाने हे करावे, हे खटकतेच.

एड्सने त्याचा मृत्यू झाला. भाऊ ओलिकोये, माजी आरोग्यमंत्री, यांनी ते कारण उघडपणे जाहीर केले. त्या काळच्या नायजेरियात ही मोठी गोष्ट होती. मुलगे फेमी आणि शेऊन ॲफ्रोबीट वाजवतात, आणि लागोसमध्ये दर ऑक्टोबरला ‘फेलाब्रेशन’ महोत्सव भरतो.