बीमला ‘फायबर’ लावायचं म्हणजे नेमकं काय?

परवा कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा होतो. बीमच्या तळाचा गिलावा पोपडे धरून सुटलेला, आत तांबूस सळई. सेक्रेटरींच्या हातात दोन कोटेशनं, दोन्हींत ‘फायबर’. त्यांना वाटलं, काम एकच, दर तेवढा वेगळा. पण कामं दोन होती.

पहिलं, कार्बन फायबरचं कापड. काळं, जेमतेम मिलिमीटरभर जाड, इपॉक्सी या राळेच्या गोंदाने तळाला चिकटवलेलं. नेहमीची एफई ५०० प्रतीची सळई ५०० मेगापास्कल ताणाला यील्ड होते, म्हणजे कायमची ताणली जायला लागते; हे तंतू ३,००० च्याही पुढे ताण सोसतात. वजन नगण्य, पार्किंगची उंची तेवढीच राहते. मात्र इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांनाच मऊ पडायला लागतं, म्हणजे आगीत कापडाचा भरवसा धरता येत नाही.

दुसरं, फायबर घातलेल्या काँक्रीटचा थर. उच्च प्रतीच्या मिश्रणात खडी नसते, बारीक पूड आणि केसासारख्या स्टीलच्या तारा असतात: सुमारे १३ मिमी लांब, ०.२ मिमी जाड, घनमीटरला दीडशे किलोच्या आसपास. त्याचा तुकडा हातोडीने फोडून बघा. तडा जातो, पण दोन भाग सुटत नाहीत; फटीत तारा एकमेकींना धरून दिसतात आणि जोर लावला की एकेक करून उपसत बाहेर येतात. तडा रुंदावू न देण्याचं काम त्याच करतात.

झोल खाणाऱ्या, म्हणजे मध्यात खाली वाकणाऱ्या बीमला मी हा थर सुचवतो. ४५० मिमी खोल (म्हणजे वरपासून तळापर्यंत) बीमला तळाशी ४० मिमी मिळाले आणि दोन्ही एकजीव झाले, तर कडकपणा, म्हणजे वाकण्याला होणारा विरोध, साधारण १.३ पट होतो, कारण तो या उभ्या मापाच्या घनावर अवलंबून असतो. कापडाने ताकद वाढते, झोल फारसा कमी होत नाही. थराची किंमत वजनात मोजावी लागते: चौरस मीटरला शंभर किलो. शिवाय साध्या फायबर काँक्रीटचा थर असेल तर आत सळईही हवी, नुसत्या तारांवर बीमची ताकद फारशी वाढत नाही.

(गिलाव्यात टाकतात ते पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकचे पांढरे तंतू तिसरेच. ते आकुंचनाच्या बारीक भेगा रोखतात, बीमला बळ देत नाहीत.)

दोन्ही पद्धती फसतात त्या चिकटण्याच्या जागी. बद्द आवाज देणारं काँक्रीट काढायचं, सळईचा गंज घासून तिच्या मागेही मोकळं करायचं, मग दुरुस्तीचा मसाला भरायचा. थरासाठी पृष्ठभाग टाचे मारून खडबडीत हवा, कापडासाठी सपाट आणि कोरडा. आणि आधी टेकू. बीमवरचा भार हलका न करता काम केलं, तर नव्या भागाच्या वाट्याला फक्त पुढचा भार येतो, जुना सगळा थकलेल्या सळईवरच राहतो.

त्या दोन्ही कोटेशनांत टेकूंची ओळच नव्हती. ती आणि गंज काढण्याची ओळ घालून मागवा, दराचं नंतर बोलू, असं सेक्रेटरींना सांगून आलो.