विहीर-बोअरच्या पाण्यात लोह, मँगनीज? तपासणीचा अर्ज आणि त्यानंतरचे उपाय

पाणी उपसलं तेव्हा नितळ होतं आणि कळशीत थोडा वेळ ठेवल्यावर तळाशी तांबूस साका बसला, तर पाण्यात विरघळलेलं लोह आहे असं समजावं. नळाला पहिल्यापासूनच लालसर पाणी येत असेल, तर आधी गंजलेला पाइप तपासा. काळपट डाग बहुधा मँगनीजचे असतात. जांभ्या दगडाच्या कोकणात लोहाची तक्रार नवी नाही. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज खाणपट्ट्यात मात्र दोन्हींची तपासणी करून घेतलेली बरी.

अर्ज कोणीही करू शकतो, उत्पन्नाची अट नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत खासगी विहीर-बोअरचा नमुना शुल्क भरून देता येतो. सार्वजनिक विहिरीचा नमुना ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नेतो. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करा आणि पोच घ्या.

कागदपत्रांचा फार बाऊ नाही. नमुन्याच्या माहितीपत्रकात नाव, गाव, तालुका, स्रोताचा प्रकार आणि नमुना घेतल्याची तारीख-वेळ लिहायची असते. ओळखपत्राची प्रत जवळ असू द्या. पण 'लोह आणि मँगनीज दोन्ही तपासावेत' हे अर्जात स्वतःहून लिहा. नेहमीच्या रासायनिक तपासणीत मँगनीज असेलच असं नाही, आणि अहवाल हातात आल्यावर ते लक्षात येऊन उपयोग नसतो.

अर्ज सोपा आहे. चूक होते ती नमुना घेताना. हवा लागताच लोह बाटलीच्या तळाशी बसू लागतं आणि आकडा कमी येऊ शकतो. म्हणून या तपासणीसाठी आम्ल घातलेली बाटली प्रयोगशाळेतूनच मागून घ्या आणि ती विसळू नका. बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवून, टाकीत जाण्याआधीचं पाणी भरा. जिवाणू तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वेगळी लागते, आणि तो नमुना त्याच दिवशी पोचवलेला चांगला.

अहवाल वाचताना पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० शी ताडून पाहा. लोहाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे (२०१५ च्या दुरुस्तीआधी ती ०.३ होती, त्यामुळे जुन्या तक्त्यांवर विसंबू नका). मँगनीज ०.१ पर्यंत चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत. लोहाचा त्रास मुख्यतः चव, रंग आणि डागांचा. मँगनीज जास्त असेल तर ते पाणी बाटलीच्या दुधासाठी वापरू नये, कारण तान्ह्या बाळांना त्याचा धोका अधिक असतो.

उपाय आकड्यांवर ठरतो. नुसतं लोह असेल तर पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडून हवा खेळवायची, साका बसू द्यायचा आणि वाळूतून गाळायचं. बऱ्याच घरांचं एवढ्यावर भागतं. मँगनीज मात्र नुसत्या हवेनं सहजी सुटत नाही. त्याला पोटॅशियम परमँगनेट किंवा मँगनीज डायऑक्साइडचा थर असलेली वाळू लागते, आणि मात्रा जाणकाराकडूनच ठरवून घ्यावी. उकळणं हा त्यावरचा उपाय नव्हे. थेट आरओ बसवायची घाई तर नकोच: लोहामुळे त्याचा पडदा लवकर तुंबतो.

यंत्रणा बसल्यावर फिल्टरमधून गाळून आलेलं पाणी पुन्हा त्याच प्रयोगशाळेत द्या आणि माहितीपत्रकात 'प्रक्रियेनंतरचे पाणी' असं लिहा. विक्रेत्याची शेवटची रक्कम तो अहवाल येईपर्यंत रोखून धरली तर उत्तम.