फौजदारीपात्र धाकदपटशा

एखाद्याला इजा करण्याची धमकी देऊन घाबरवणे, किंवा त्या धाकाने त्याच्याकडून नको ते करवून घेणे, हा भारतीय फौजदारी कायद्यातील एक गुन्हा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत त्याची व्याख्या कलम ५०३ मध्ये आणि शिक्षा कलम ५०६ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दोन्ही कलम ३५१ मध्ये एकत्र आली आहेत. व्याख्येत 'कोणत्याही मार्गाने' दिलेली धमकी असे शब्द नव्याने घातले गेले, त्यामुळे मोबाइलवरचा संदेश किंवा ईमेल याबद्दल वादाला फारशी जागा उरलेली नाही.

धमकी शरीराला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करण्याची असावी लागते. ती त्या व्यक्तीच्या जवळच्या माणसाच्या जिवाबद्दल किंवा अब्रूबद्दल असली तरी चालते, मात्र जवळच्या माणसाच्या मालमत्तेचा उल्लेख व्याख्येत नाही. मृत नातलगाची बदनामी करण्याची धमकीही यात येते. 'इजा' म्हणजे बेकायदेशीरपणे केलेले नुकसान. म्हणून 'पैसे दिले नाहीस तर कोर्टात दावा लावीन' असे ऋणकोला बजावणारा सावकार या कलमात सापडत नाही. 'दावा मागे घे, नाहीतर घर पेटवून देईन' म्हणणारा सापडतो. हे दुसरे उदाहरण खुद्द कायद्यानेच दिलेले आहे.

खरा कस लागतो तो हेतूचा. समोरचा प्रत्यक्षात घाबरला की नाही याला महत्त्व नाही. त्याला भयभीत करण्याचा, किंवा कायद्याने बंधनकारक नसलेली गोष्ट करायला वा हक्काची गोष्ट सोडायला लावण्याचा हेतू होता का, एवढेच पाहिले जाते. बंगळुरू वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका दांपत्याने अधिकाऱ्याच्या वागणुकीबद्दल तक्रार लिहिली, तेव्हा त्यांच्यावर हा गुन्हा दाखल झाला होता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: भय निर्माण करण्याच्या हेतूविना नुसते शब्द पुरेसे नाहीत. याउलट १९६० च्या एका निकालात, मुलीचे नग्न छायाचित्र प्रसिद्ध करण्याची धमकी देऊन पैसे मागणाऱ्याची शिक्षा त्याच न्यायालयाने कायम ठेवली. भय घालण्याचा हेतू पैशासाठी होता, म्हणून तो हेतू नाहीसा होत नाही.

धमकीने पैसा किंवा वस्तू खरोखर हाती आली, तर गुन्हा खंडणीचा होतो. हात उगारून तत्क्षणी मारण्याचा आविर्भाव केला, तर हल्ल्याचा.

साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. जीवे मारण्याची, गंभीर दुखापतीची, आग लावून मालमत्ता नष्ट करण्याची किंवा स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची धमकी असेल, तर कारावास सात वर्षांपर्यंत जाऊ शकतो. निनावी पत्राने किंवा ओळख लपवून धमकावल्यास त्यावर आणखी दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. दैवी कोपाची भीती घालणे वेगळ्या कलमात येते (पूर्वीचे ५०८, आताचे ३५४). जुन्या संहितेने तिथे उदाहरण दिले होते ते दारात धरणे धरून बसणाऱ्याचे! धरणेकऱ्यामुळे आपल्यावर देवाचा कोप होईल ही धास्ती त्या काळी किती खरी होती, ते यावरून कळते.

केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे कलम ३५१ चा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. नुसती धमकी घेऊन ठाण्यात गेलेल्या माणसाच्या हाती बहुधा 'एनसी' (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) पडते, कारण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. सोबत एखादा दखलपात्र गुन्हा असला, की सगळ्याचा तपास एकत्र होऊ शकतो. मारामारीच्या फिर्यादींत 'शिवीगाळ करून जीवे मारण्याची धमकी दिली' हे वाक्य ठरलेलेच असते, आणि पुष्कळदा ते तेवढ्यावरच राहते: नेमके कोणते शब्द, कोणापुढे, कशासाठी, हे लिहिलेलेच नसते. खटला उभा राहतो तो या तपशिलांवर, म्हणून रेकॉर्डिंग, जपून ठेवलेला संदेश किंवा ऐकणारा साक्षीदार मोलाचा ठरतो. दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या प्रकारात धमकावलेल्या व्यक्तीला आपसात तडजोड करता येते. गंभीर प्रकारात ही मुभा नाही.