सरकता जिना आणि पाचवीची मुलगी: प्रश्नातला पक्षपात पकडण्याची पार्श्वभूमी

शिष्यवृत्तीच्या सराव पेपरात गणित होतं: सरकत्या जिन्यावरून मुलगा चढतोय, वर पोचायला किती वेळ लागेल? माण तालुक्यातल्या आमच्या वर्गातली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, जिना सरकतो कसा?" वेळ-वेगाचं गणित तिला पक्कं येत होतं. तिला अडवलं जिन्यानं. काहिलीतून निघालेल्या गुळाच्या ढेपांचं गणित कराडकडची पोरं बोलता बोलता सोडवतील, पण मुंबईच्या पोराला आधी काहील समजावून सांगावी लागेल.

असे प्रश्न आकडेमोडीनं हुडकायची खटपट अमेरिकेत जुनी आहे. १९५१ साली केनेथ ईल्स आणि शिकागो विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी बुद्धिमापन चाचण्यांतला एकेक प्रश्न घेऊन गरीब आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांची उत्तरं ताडून पाहिली. पुढे हा वाद कोर्टात गेला. इलिनॉयमधल्या विमा एजंटांच्या परवाना परीक्षेवर 'गोल्डन रूल' या विमा कंपनीनं १९७६ मध्ये दावा लावला आणि १९८४ मध्ये तडजोड झाली: एकाच विषयावरच्या प्रश्नांपैकी ज्यांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या उमेदवारांच्या बरोबर उत्तरांत कमी फरक पडतो, ते आधी वापरायचे.

हेतू चांगला होता, पण मोजमाप कच्चं होतं. एका गटाला शिकायलाच कमी मिळालं असेल, तर निर्दोष प्रश्नातही फरक दिसणारच. तो दोष शाळेचा, प्रश्नाचा नव्हे.

यातून वाट सापडली ती कर्करोगाच्या संशोधनातून. नेथन मँटेल आणि विल्यम हेन्झेल यांनी १९५९ मध्ये रोगाची कारणं तपासताना सारख्या वयाची, सारख्या स्थितीची माणसं एकत्र ठेवून तुलना करायची रीत मांडली होती. पॉल हॉलंड आणि डोरोथी थेयर यांनी ऐंशीच्या दशकात ती परीक्षेला लावली. एकूण गुण सारखे असलेली मुलं एका रांगेत घ्यायची आणि मग विचारायचं, याच एका प्रश्नात माणची मुलं मागे पडतात का? प्रत्येक गुणपातळीवर हेच पाहून सगळ्यांचा मिळून एक आकडा काढायचा. मला ही कल्पना फार न्याय्य वाटते. १९९० मध्ये स्वामिनाथन आणि रॉजर्स यांनी लॉजिस्टिक रिग्रेशननं, म्हणजे उत्तर बरोबर येण्याची शक्यता मांडणाऱ्या संख्याशास्त्रीय रीतीनं, आणखी बारकावा आणला: प्रश्न त्या गटातल्या फक्त हुशार मुलांना छळतो की सगळ्यांना, हेही दिसू लागलं.

याच काळात अभ्यासकांनी 'पक्षपात' हा शब्दही बाजूला ठेवला. आकडा फक्त बोट दाखवतो. खोट कशात आहे, ते प्रश्न वाचूनच ठरवावं लागतं.

या पद्धतींना प्रत्येक गटात शेकडो मुलं लागतात. आमच्या वर्गाचा पट एकोणीस. म्हणून पेपर छापण्याआधी केंद्रातले आम्ही तिघे शिक्षक एकेक प्रश्न मोठ्यानं वाचतो. जिन्याच्या जागी आता विहिरीच्या पायऱ्या आल्या आहेत.